पाच फुटांचे साडेसात

दर्यापूर,
१४ जुलै २०२५

दामिनी पोरी,

पत्राच्या सुरुवातीले 'इकडे सगळं बरं हाय' लिहाची रीत हाय. मी लिहीत नाई, कारण बरं नाई. तब्येत ठणठणीत हाय, भाकर पचते, पण जीव एका जाग्यावर ठरत नाई. किशोरनं पक्कं केलं. पोळा झाला की तो गाडी घेऊन येणार अन् मले नाशिकले नेणार, कायमचं. "बाबा, तुमाले ऐकू येत नाई, एकटे कसे राहान?" असं कागदावर लिहून दाखवते. पोट्ट्याचं चूक नाई. पण सामान बांधाले बसलो की अर्ध्या तासात उठतो, अंगणात चकरा मारतो, पुन्हा बसतो. एक पेटी चार खेपा भरली अन् चार खेपा उपसली.

तुले खरं सांगतो. जायच्या आधी मले तुह्या मायले पाहाचं हाय.

दर्यापूर ते अकोला, जीपनं दीड तास. अठरा वर्षं झाली, तो दीड तास माह्यानं पार झाला नाई. तू तवा बारा वर्षांची होती, तुले आठवत अशीन. तुहे बाबा गेले त्या दिवशी मी चांदूर बाजारात एका लग्नाचे फोटो काढून राहिलो होतो. निरोप आला तवा अंतरपाट धरलेला होता. म्या म्हटलं, मंगलाष्टकं होऊ दे, हार पडू दे, मंग निघतो. दुसऱ्याचं लग्न काय परत लागते फोटोसाठी? अकोल्यात पोचलो तं सगळे मोक्षधामातून परत आले होते. बाई, तुही माय, ओसरीत बसली होती. एवढंच म्हणाली, "चंद्रभान, तुह्या फोटोत आमी कुठं बसतो?" अन् आत निघून गेली. मी ओसरीवरूनच माघारी फिरलो, तो आजपर्यंत.

आता माही मागणी. मागल्या दिवाळीले तुले माही पन्नासची लेन्स पाठवली होती. तिच्यानं बाईचा फोटो काढ, हार गुंफतांना. बापाच्या मळ्यातल्या शेवंतीचा ढीग पुढे घेऊन बसली की तिची बोटं दिसत नव्हती, हारच वाढतांना दिसे. तू पाच फुटांवर बस, कॅमेरा उभा धर, अ‍ॅपर्चर दोनवर ठेव, लेन्सचं भोक चांगलं मोकळं. डोक्यापासून मांडीवरल्या हारापर्यंत सगळी येते अन् मागची भिंत विरघळून जाते. चाळीस वर्षं म्या याच मापानं माणसं बसवली. मोबाईलवर पाठवू नको, मले त्या काचेवर माणूस ओळखू येत नाई. कागदावर पाठव. अन् मी मागितला हे तिले सांगू नको.

हार अजून करते ना वं ती?

तुहा मामा,
चंद्रभान


अकोला,
१९ जुलै

मामा,

तुमचं पत्र कामावरून आल्यावर दारातच उभी राहून वाचलं. नाशिकचं कळलं. किशोरदादा बरोबर बोलतो हे मलाही पटतं, आणि तुम्ही जाणार हे अजिबात पटत नाही. आता काय करता!

फोटो सोबत आहे. पाच फूट टेपनं मोजले, तुमची लेन्स, अ‍ॅपर्चर दोन, सगळं तुम्ही सांगितलं तसं. आईला म्हटलं, नवीन लेन्स बघायची आहे, बस जरा. ती म्हणाली, "माह्यावर काय पाहतं? एखादी चांगली पोरगी पाह्य." पण बसली.

हार करते हो, का नाही करणार? सकाळी फुलं येतात, दुपारपर्यंत टोपली रिकामी. तब्येत छान आहे. माझंही बरं चाललंय. सध्या शाळांच्या ओळखपत्रांचे फोटो काढते आहे. दिवसाला दोनशे पोरं आणि त्यातली पन्नास डोळे मिटणारी.

तुम्ही औषधं घेता ना वेळेवर? पेटी एकदाच भरा आता.

तुमची,
दामिनी


दर्यापूर,
२३ जुलै

दामिनी,

फोटो भेटला. पाकीट फोडतांना फोटो फाटीन म्हणून शेजारच्या इंदूबाईकडून फोडून घेतलं. तिनं आधी पाहिला अन् मले खुणेनं विचारलं, बहीण का? नाकावरून ओळखलं म्हणे. बाईचे केस पार कापसासारखे झाले वं. मले काळ्या केसांचीच आठवण होती. मी येडा. जसं काही तिकडे अठरा वर्षं झालीच नाईत.

पण पोरी, हात कुठं हायत? फोटो पोटाच्या वरच कटला. पाच फुटांवरून पन्नासच्या लेन्सनं हात जात नाईत. म्या हजार माणसं त्या मापानं बसवली, एकाचाही हात गेला नाई. म्हणजे तू साडेतीन फुटांवर बसली अन् मले पाच सांगून राहिली. काहून?

अन् दुसरं. बाई उजव्या अंगानंच हसून राहिली. पहिले हसे तं सगळं तोंड हसे, दात मोजून घ्या असं. तिले समजलं काय, फोटो मी मागितला म्हणून? म्हणून अर्धंच हसली? तसं अशीन तं सांगून टाक. मी राग मानत नाई, राग मानाचा हक्क मले नाई. पण न समजता बसणं माह्यानं होत नाई. काल जेवतांना दोनदा ताटावरून उठलो.

मामा


अकोला,
२७ जुलै

मामा,

तुम्ही वेडे नाही आणि मी साडेतीन फुटांवर नव्हते. मोजून पाच फूट होते. गोम माझ्या कॅमेऱ्यात आहे, आणि ती मी आधीच सांगायला हवी होती.

तुमच्या फिल्मचा एक फोटो छत्तीस मिलिमीटर लांब आणि चोवीस रुंद. माझ्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर बसवलेला असतो. माझा लहान आहे, चोवीस लांब आणि सोळा रुंद. लेन्स तुमचीच, ती आत जे चित्र टाकते तेही तेच. ज्वारीची भाकरी तेवढीच आहे असं समजा. तुम्ही तिचा मोठा चौकोन कापून घ्यायचा, मी मधला लहान चौकोन घेते. कडेचं सगळं बाहेर राहतं. म्हणून तुमची पन्नासची लेन्स माझ्याकडे पंचाहत्तरची असल्यासारखी वागते. तुमच्या पाच फुटांत आई जेवढी मावते, तेवढी मावायला मला साडेसात फूट मागं जावं लागतं.

तसंच केलं. सोबत दुसरा फोटो आहे, पलंगाला पाठ टेकेपर्यंत मागं सरकून काढलेला. आता हात आले आहेत बघा. झेंडूचा ढीग मोठा होता, डावा हात त्यात जरा बुडाला आहे, पण उजव्या हातातला दोरा स्पष्ट दिसतो.

तुम्ही लगेच विचाराल म्हणून अ‍ॅपर्चरचंही सांगून टाकते. दोनच ठेवलं होतं. उजेड काही कमी झाला नाही. तुकडा लहान कापला म्हणून भाकरीची जाडी कमी होत नाही, तसंच ते. शटरसुद्धा तेच ठेवलं, काही फरक पडला नाही. पण मागची भिंत तुमच्या फोटोंत विरघळते तेवढी यात विरघळणार नाही. मी मागं सरकले ना, मग धूसरपणा उतरतो. तुमच्या कॅमेऱ्यावर पाच फुटांवरून अ‍ॅपर्चर तीनच्या जवळपास, म्हणजे भोक जरा लहान, ठेवलं असतं तर जशी दिसली असती, तशी भिंत दिसते. लेन्सला दोष देऊ नका.

आणि हसण्याचं म्हणाल, तर तिची डावीकडची दाढ दुखते आहे. बाकी काही नाही. तिला काही कळलेलं नाही. जेवताना उठू नका हो मामा, अन्नावरून उठू नये म्हणून तुम्हीच मला लहानपणी रागावायचात.

तुमची,
दामिनी


दर्यापूर,
२ ऑगस्ट

दामिनी,

तुहं पत्र वाचलं अन् पहिले खरं वाटलं नाई. या वयात पोट्टी मले लेन्स शिकवून राहिली म्हटलं. मंग राहवलं नाई. बांधलेली पेटी परत उपसली, जुना कॅमेरा काढला, त्याच्यावर माही दुसरी, जुनी पन्नासची लेन्स हाय. पाठीमागचं झाकण उघडलं, फिल्मच्या जाग्यावर बटर पेपर लावला अन् शटर उघडं अडकवून ठेवलं. समोर इंदूबाईले मेथी निवडत बसवलं, पाच फुटांवर. कागदावर उलटी इंदूबाई दिसली, डोक्यापासून मेथीच्या जुडीपर्यंत, सगळी. मंग पुठ्ठ्याले चोवीस बाय सोळाची खिडकी कापली अन् त्या कागदावर ठेवली. इंदूबाईचे हात गेले, जुडी गेली! साडेसात फुटांवर सरकलो, तं आले परत. तू खरी निघाली. चाळीस वर्षं म्या समजलो होतो का पन्नासची लेन्स म्हणजे पन्नासची. तिच्या मागं काय बसवलं त्याच्यावर सारं हाय, हे कोणी सांगतलंच नाई. लय आनंद झाला. इंदूबाईले चहा पाजला.

त्या आनंदातच तुहा दुसरा फोटो घेऊन बसलो, भिंत किती विरघळली ते पाहाले. भिंग लावलं.

भिंत तुह्या म्हणण्यासारखीच निघाली, अर्धवट विरघळलेली. बाईच्या खांद्यामागं खिडकी हाय. खिडकीच्या वरच्या गजाले चक्री अडकवलेली हाय अन् तिच्यातून दोरी खाली लोंबून राहिली, दोन्ही टोकांले मुठी बांधलेल्या. माह्या फिल्मवर अ‍ॅपर्चर दोनले ती दोरी कदाचित धूर झाली असती. तुह्या सेन्सरनं ती ठेवली.

मले ती दोरी ओळखू येते पोरी. आमच्या गल्लीतल्या शालिकरामले लकवा मारला तवा त्याच्या खिडकीले अशीच बांधली होती. चांगल्या हातानं ओढाची, म्हणजे मेलेला हात वर जाते. मंग म्या परत झेंडूत पाहिलं. डावा हात बुडाला नाई, कोणीतरी फुलं वर टाकून झाकला हाय. हार गुंफणारी बाई एका हातात दोरा धरून बसत नाई. अन् दाढ! दाढ दुखली तं गाल सुजते, ओठ लोंबत नाई.

तू मले सेन्सरचं खरं सांगून बाईचं खोटं सांगतलं. तोंड वर करून! मी बहिरा हाय, आंधळा झालो नाई अजून. मले राग आला हाय, भल्ला राग आला हाय. परत टपालानं सगळं सांग. कवा झालं, किती झालं, चालते का, बोलते का.

चंद्रभान


अकोला,
६ ऑगस्ट

मामा,

फुलं मीच टाकली होती.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई फुलं निवडता निवडता एका बाजूला कलली. आठ दिवस दवाखान्यात होती. डावी बाजू गेली आहे. पाय ओढत चार पावलं चालते, हात नुसता लटकतो. जीभ जड झाली आहे, शांतपणे बोलली तर मला समजतं, घाईत बोलली तर मलाही समजत नाही. हार बंद आहेत, पाच महिने झाले. कधीकधी टोपली जवळ ओढून एका हातानं फुलं नुसती चाळत बसते. मी तिथं थांबत नाही, मला बघवत नाही.

ती दोरी मी काढली का नाही, हे तुमचं पत्र आल्यापासून स्वतःला विचारते आहे. रोज बघून बघून ती मला दिसेनाशीच झाली होती. सगळी अक्कल हात झाकण्यात गेली.

मी खोटं का बोलले तेही सांगते. दवाखान्यातच मी तिला म्हटलं होतं, मामाला कळवते. तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "अठरा वर्षं आला नाई, आता लकव्यापायी यीन. असा दयेनं आलेला भाऊ मले नको. कळवशीन तं माह्याशी बोलू नको." शपथ घातली मला. नंतर तुमचं पत्र आलं, फोटो काढ, तिला सांगू नको. तुम्ही दोघं दोन टोकांना फुगून बसलात आणि मधे मी, दोघांच्या शपथा सांभाळत. मलाही राग येतो मामा! तुमचाही येतो आणि तिचाही येतो. दीड तासाचा रस्ता आहे. अमेरिका नाही.

या, असं मी लिहू शकत नाही, शपथ आहे. येऊ नका, असं लिहायला हात धजत नाही. तुम्हीच बघा काय ते.

दामिनी


दर्यापूर,
१३ ऑगस्ट

दामिनी,

सोमवारी मी अकोल्याले येऊन गेलो. तुले भेटलो नाई. तुले वाईट वाटीन, पण ऐक.

तुहं पत्र आल्यापासून घरात पाय ठरेना. सोमवारी सकाळी जीपमध्ये बसलो. काहून माहीत नाई, खांद्याले कॅमेऱ्याची पिशवी अडकवली. चाळीस वर्षांची सवय हाय, तिच्याबिगर घराबाहेर पडलो तं उघडं वाटते. तुमच्या गल्लीत पोचलो तं दहा वाजले असतीन. तुमच्या घरासमोर पानठेला हाय, तिथं उभा राहिलो. खिडकीत बाई बसली होती. दोरी ओढून राहिली होती. उजवा हात खाली यायचा अन् डावा वर जायचा, लाकडासारखा.

रस्ता ओलांडाले पंधरा पावलं होती. पाय उचलेना. तिचं ते वाक्य डोक्यात, दयेनं आलेला भाऊ नको. मले तिचं तोंड तेवढ्या दुरून नीट दिसत नव्हतं, डोळे आता तसे राहिले नाईत. म्हणून कॅमेरा काढला अन् मोठी लेन्स लावून पाहिलं. फोटो नाई काढला, रोलही नव्हता आत. नुसतं पाहाले. लेन्समधून तिचं तोंड एकदम जवळ आलं. अन् तिनंही मले पाहिलं. नक्की पाहिलं. मंग तिनं तोंड फिरवलं. भिंतीकडे केलं अन् फिरवूनच ठेवलं.

मी कॅमेरा पिशवीत टाकला अन् स्टँडवर गेलो. जीप भरलेलीच होती, मी बसलो तशी सुटली.

तिचं बरोबर हाय. मले तिच्याविरुद्ध काही म्हणाचं नाई. किशोर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार. पेटी बांधून झाली हाय, आता उपसणार नाई. लेन्स तुह्याजवळच ठेव. बाईची मालिश रोज कर, कोमट तेलानं, खांद्यापासून खाली. शालिकरामले फरक पडला होता.

मामा


अकोला,
१६ ऑगस्ट

चंद्रभान,

हे पत्र मी माह्या हातानं लिहून राहिली. उजवा हात चांगला हाय. डाव्या बाजूनं कागद सरकते म्हणून दामिनीनं त्याच्यावर वाटी ठेवून देली. अक्षर वाकडं हाय, समजून घे. तुहं पत्र पोट्टीनं लपवलं होतं. रडत होती म्हणून म्या उशीखालून काढून वाचलं. बाकीचेही वाचले. तुमी दोघंही चोर.

म्या तोंड फिरवलं नाई.

तुले पाहिलं अन् मले उठता येईना. दोरीची मूठ सोडली, पाय खाली टाकाले गेली तं पाय कामाचाच नाई. म्हणून मान वळवून दामिनीले हाका मारत होती, मामा आला, जा पकड त्याले. तिचा आत मिक्सर सुरू होता. माह्या जिभेतून आता हाक निघत नाई, घरघर निघते. चार हाका मारल्या, पाचवीले ती आली. तवर मी खिडकीकडे वळली तं ठेल्यापाशी तू नव्हता. पोट्टी चप्पल न घालता स्टँडपर्यंत पळत गेली. जीप निघून गेली होती. तुलेच हाक मारली असती, पण तू बहिरा झाला हे या पत्रांतूनच समजलं. मले कोणी सांगतलंच नाई. त्या दिवशी समजलं असतं तं हाती जे लागलं ते फेकून मारलं असतं तुले.

दयेचं मी बोलली होती, खरं हाय. दवाखान्यात पडलेल्या माणसाचं बोलणं ते. दया घेऊन ये नाई तं भांडण घेऊन ये, पण ये. अठरा वर्षं तू आला नाई, तं म्याही कुठं दर्यापूरची जीप धरली? तवा दोन्ही पाय चांगले होते माहे.

पण एका गोष्टीचा राग आला मले, तो लिहून टाकते. एवढा आला, समोर उभा राहिला, अन् तिथंही कॅमेरा डोळ्याले लावला. ज्या दिवशी दामिनीचा बाप गेला त्या दिवशीही तू कॅमेऱ्याच्याच मागं होता. मले पाहाचं अशीन तं जवळ येऊन बस अन् डोळ्यानं पाह्य. हात असा हाय, तोंड असं हाय, भेव वाटलं तं वाटू दे.

पोस्टाले लय दिवस लागतात. हे पत्र दामिनी दर्यापूरच्या जीपवाल्याजवळ देऊन राहिली, आज दुपारी भेटीन तुले. पहिली जीप सकाळी सातले सुटते. कॅमेरा घरी ठेवून येजो.

पार्वताबाई